आरव्हीतून फिरताना टीव्हीची डिश कोणती न्यावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. जूनअखेर आई-बाबा साताऱ्याहून येतायत. जुलैत त्यांना घेऊन साडेतीन आठवड्यांची मोठी फेरी ठरवली आहे: ग्लेशियर, यलोस्टोन, मग पार साउथ डाकोटातलं बॅडलँड्स अशी तीन राष्ट्रीय उद्यानं, आणि परत. आमची आरव्ही म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, २४ फुटी ट्रेलर आहे.

बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. सकाळी थोडं फिरतील, पण दिवसभर ट्रेल होणार नाहीत. दोघंही आठला जेवून मोकळी होतात आणि तिकडे जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्या वेळात त्यांना टीव्ही हवा. बाबांना क्रिकेट आणि बातम्या, आईला मालिका. यलोस्टोनमध्ये मोबाइलला रेंज जवळपास नसतेच, हे मागच्या वेळी पाहिलंय. म्हणून सोबत नेता येईल अशी सॅटेलाइट डिश घ्यावी म्हणतोय. बाजारात घुमटासारख्या आपोआप फिरणाऱ्या डिश आहेत, आणि तिवईवर हाताने लावायच्याही. कोणती घ्यावी? घरी डिश नाही, त्यामुळे कंपनीही नव्यानेच निवडायची आहे.

पाऊसपाणी
आधी डिश नको, आधी वाहिन्या ठरवा. इथे गफलत झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

अमेरिकेत उपग्रहावरून टीव्ही देणाऱ्या कंपन्या दोनच, डिश (हे कंपनीचंच नाव) आणि डायरेक्टीव्ही. डायरेक्टीव्हीची एचडी ९९ आणि १०३ अंश पश्चिमेच्या उपग्रहांवरून केए बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या एका ठराविक पट्ट्यात, येते. हातात उचलून न्यायचे छोटे घुमट केयू या दुसऱ्या बँडचे असतात, ते हे पकडूच शकत नाहीत. तिथे एचडी हवी तर घराच्या छतावर असते तशी मोठी थाळी तिवईवर लावायची, नाहीतर ट्रेलरच्या छतावर महागडं यंत्र बसवायचं. डिश कंपनीची एचडी केयूमध्येच आहे, म्हणून आरव्हीवाले बहुतेक तिकडे वळतात. शिवाय त्यांचं आरव्हीसाठीचं कनेक्शन महिन्यापुरतं घेता येतं, ऑगस्टमध्ये बंद करून टाका.

आता मुख्य मुद्दा. हे घुमट कंपनीच्या मुख्य उपग्रहांसाठी बनवलेले असतात: ११०, ११९ आणि १२९ अंश. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी हिंदी-मराठी वाहिन्यांसाठी वेगळी, मोठी थाळी बसवावी लागली होती, कारण त्या दुसऱ्याच उपग्रहावरून यायच्या. तेव्हा फोन करून एकच प्रश्न विचारा: 'मला अमुक वाहिनी हवी आहे, ती कोणत्या उपग्रहावर आहे?' उत्तर हातात आल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

रानवाटा
एवढ्या लांब यलोस्टोनला जाऊन टीव्ही? तिथे संध्याकाळी बायसनचे कळप रस्त्यावर येतात, रात्री आकाशगंगा दिसते. मनापासून सांगतो, साडेतीन आठवडे टीव्हीशिवाय काढा. आई-बाबांना सवय होईल.

माईची_लेक
रानवाटा, मी असहमत. माझी आई इथे आली की मी कामावर असताना दिवसभर एकटी असायची. परक्या देशात ओळखीचा आवाज कानावर पडणं म्हणजे काय, ते आपल्याला आता आठवत नाही. कृष्णाकाठ सकाळी त्यांना फिरवून आणणारच आहेत. संध्याकाळचे दीड-दोन तास त्यांनी काय करावं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. बायसन रात्री आठला बघायचा म्हणजे पुन्हा गाडी काढा, तासभर रांगेत थांबा. दुखऱ्या गुडघ्यांना तो टप्पा नको असतो.

रानवाटा
पटलं. गुडघ्यांचा विचार मी केला नव्हता. शब्द मागे.

डोंगरवेडा
आम्ही घुमटवाले. सहा वर्षं वापरतोय. वजन दहा पौंडांच्या आसपास. गवतावर ठेवायचा, केबल जोडायची, रिसीव्हर चालू करायचा, आतलं यंत्र घूं-घूं करत स्वतः उपग्रह शोधतं. पाच-सात मिनिटांत चित्र. मुक्काम रोज बदलणार असेल तर याला तोड नाही. दिवसभर ३०० मैल ट्रेलर ओढून आल्यावर होकायंत्र घेऊन कोण उभं राहणार?

घुमटांत विनगार्ड आणि किंग या कंपन्यांची नावं येतात. त्यांचे टेलगेटर आणि पाथवे एक्स२ हे घुमट फक्त डिश कंपनीसाठी आहेत. कॅरीआउट जी२ प्लस दोन्ही कंपन्यांना चालतो, पण पाऊसपाणींनी सांगितलेली केएची अडचण त्यालाही आहेच. रिसीव्हर वॉली घ्या, घुमट त्याच्याशी नीट बोलतात. घरी बसवतात तो हॉपर रिसीव्हर नेला तर जमणार नाही.

एक मर्यादा आहे. घुमट एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघतो. वाहिनी बदलली आणि ती दुसऱ्या उपग्रहावर असली, तर पुन्हा फिरतो, थोडं थांबावं लागतं. दोन टीव्हींवर दोघांना वेगवेगळं बघायचं असेल तर भांडण ठरलेलं 😀

तारायंत्र
डोंगरवेडा, तुमचं बरोबर आहे, पण त्यांची वाट बघा. ग्लेशियर आणि यलोस्टोन, म्हणजे झाडं. तिथे घुमट की तिवई याआधी झाडांचं गणित मांडायला हवं.

हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत. आपल्याकडून ते कायम दक्षिणेला दिसणार, आणि जितके उत्तरेला जाल तितके खाली उतरणार. यलोस्टोनमधून ११० अंशाचा उपग्रह जवळजवळ नीट दक्षिणेला, ३८-३९ अंश वर. १२९ चा नैऋत्येकडे सरकलेला, ३५ अंशांवर. म्हणजे दक्षिणेपासून पश्चिमेकडे पंचवीसेक अंशांची पट्टी मोकळी हवी.

३५ अंश म्हणजे किती? समोर ६० फुटांचं झाड असेल तर डिश त्याच्यापासून ८५ फूट मागे हवी, तेव्हा ती शेंड्यावरून बघू शकेल. १०० फुटी पाइन असेल तर १४० फूट. घुमटासोबत येणारी केबल २५ किंवा ५० फुटांची. घुमटाची मोटर त्याच केबलमधून वीज घेते, म्हणून केबल मनाला येईल तेवढी वाढवताही येत नाही, कंपनी मर्यादा घालून देते. तिवईवरच्या साध्या थाळीला मोटर नसते. चांगली आरजी ६ केबल घेतली तर १०० फूट आरामात जाते. मुक्कामाची जागा सावलीची निवडा आणि थाळी दूर उन्हात ठेवा. माणसाला हवी सावली, थाळीला हवं आभाळ, या दोघांना जोडणारी केबलच खरी महत्त्वाची.

मीठभाकर
आम्ही दोन्ही वापरलंय. एका रात्रीचा मुक्काम असेल तर घुमट, चार-पाच रात्री एका जागी असाल तर तिवई. कृष्णाकाठ, तुमचे मुक्काम किती-किती रात्रींचे?

कृष्णाकाठ
ग्लेशियरला अ‍ॅपगारमध्ये पाच रात्री, यलोस्टोनला फिशिंग ब्रिजला सहा, बॅडलँड्सला सीडर पासला चार. मधले आणि परतीचे बाकीचे मुक्काम एका रात्रीचे.

मीठभाकर
मग तिवई. अ‍ॅपगार आणि फिशिंग ब्रिज दोन्हीकडे दाट झाडी. सीडर पास उघडाबोडका आहे, तिथे काहीही चालेल. फक्त वारा सांभाळा. तिवईच्या मधोमध पाण्याचा गॅलनचा कॅन टांगा, तंबूच्या खुंट्या ठोका. डिश म्हणजे शीडच असतं, एका झोतात आडवी होते.

वाळवंटी
आम्ही हिवाळ्यात क्वार्टझसाइटला, अ‍ॅरिझोनात. झाड नाही, ढग नाही. घुमट छतावरच बसवून टाकलाय. कुठे राहणार त्यावर सगळं आहे.

अटलांटिक_आजी
पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यातून लिहितेय. कुणी पूर्वेकडचं वाचत असेल तर: आमच्या अकेडियाच्या भागातून १२९ चा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर. समोरच्या शेजाऱ्याचा ट्रेलरसुद्धा आडवा येतो. त्यासाठी डिश कंपनीची पूर्वेकडची जोडी आहे, ६१.५ आणि ७२.७ अंश. ६१.५ चा इथून ३८ अंशांवर, दक्षिणेच्या जरासा डावीकडे. तिवईची थाळी घेताना तिच्यावरचा एलएनबी, म्हणजे थाळीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, पूर्वेचा आहे की पश्चिमेचा हे विचारूनच घ्या. माझ्या यजमानांनी जुन्या बाजारातून आणलेली पश्चिमेची निघाली, दोन दिवस नुसती फिरवत बसलो होतो.

गिगाबाइट
२०२५ साल आहे मंडळी! स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी थाळी घ्या. किलोभर वजन, दप्तरात मावते, बॅटरीवर २५ ते ४० वॅटमध्ये चालते. मराठी मालिका अ‍ॅपवर, क्रिकेट विलो या क्रिकेटच्या वाहिनीवर. उपग्रहाच्या वाहिन्यांत मराठी शोधत बसण्यापेक्षा सरळ इंटरनेट न्या.

पाऊसपाणी
गिगाबाइट, क्रिकेट आणि मालिकांसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण डेटा मोजा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी लागतात. ५० जीबीची योजना घेतली तर सोळा-सतरा तास. एक कसोटी तीस तासांची असते!

गिगाबाइट
चित्राचा दर्जा कमी ठेवायचा. नाहीतर अमर्याद योजना महिनाभर घ्यायची. परवडतं.

तारायंत्र
स्टारलिंकबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर सतत पळत असतात. म्हणून त्या थाळीला १०० अंशांहून रुंद मोकळं आभाळ लागतं. टीव्हीचे उपग्रह जागेवर स्थिर. झाडीत एक फट सापडली, आणि त्या फटीत उपग्रह असला, की काम झालं. दाट जंगलात म्हणूनच जुनी टीव्हीची डिश कधीकधी जिंकते. उघड्यावर मात्र स्टारलिंकच पुढे, यात वाद नाही.

ऊसपट्टा
सांगलीहून लिहितोय, विषय अमेरिकेचा असला तरी राहवलं नाही. आमच्याकडे ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात. गेल्या हंगामात आमच्या रानाशेजारी सात-आठ कोप्या होत्या. एका कोपीच्या बाहेर बांबूला बांधलेली छत्री, वर सोलरची छोटी प्लेट, आत जुना टीव्ही. डीडी फ्री डिश, महिन्याचे पैसे नाहीत. टोळी दुसऱ्या गावाला हलली की छत्री बैलगाडीवर. मी त्या दादांना विचारलं, दर वेळी दिशा कशी लावता? त्यांनी टाच रोवली, सकाळी नवाच्या सुमाराला सूर्य असतो तिकडे हात केला आणि म्हणाले, "तिकडं धरायचं, मग दोन बोटं वर-खाली." हिवाळ्यात नवाला सूर्य आग्नेयेलाच असतो, आणि फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रहही आमच्याकडून आग्नेयेलाच. तो सूर्यापेक्षा बराच वर, साठेक अंशांवर, म्हणून मग ती बोटं. कुठलं अ‍ॅप नाही की होकायंत्र नाही.

तारायंत्र
ऊसपट्टा, ही या धाग्यावरची सर्वात मोलाची पोस्ट. तो माणूस जे करतो तेच आम्ही आकडे लावून करतो.

माईची_लेक
खरंच. आणि रानवाटांना उत्तरही मिळालं. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसालाही संध्याकाळी तो पडदा हवासा वाटतो.

चुलीवरची
थोडं अवांतर, पण फिशिंग ब्रिजचं नाव वाचून लिहिते. तो भाग अस्वलांचा आहे. पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी, तंबू चालत नाहीत. बाहेर पिठलं रटरटत ठेवून आत जाऊ नका. भांडी, तेलाची बाटली, अगदी रिकामा डबासुद्धा आत घ्या. आम्ही लसणाची फोडणी आतच करायचो, मग पडद्यांना चार दिवस वास!

डोंगरवेडा
चुलीवरची, सहा वर्षांपूर्वीच्या आमच्या पडद्यांना अजून येतो 😀

निळा_ट्रेलर
एक धोक्याची सूचना, स्वतःच्या अनुभवातून. ऑरेगनमध्ये सकाळी निघायची घाई होती. मी पाण्याचा पाइप काढला, वीज काढली, पायऱ्या आत घेतल्या, आणि डिशची केबल तशीच राहिली. तीस फूट गेलो असेन. मागून एक बाई हात हलवत धावत आल्या. आरशात पाहिलं तर तिवई एका पायावर उड्या मारत माझ्यामागे येत होती. थाळीच्या कडेला पोचा आला, आणि एवढ्या पोच्यानेही सिग्नल पुन्हा पूर्ण आला नाही. तेव्हापासून डिश लावली की गाडीची किल्ली रिसीव्हरवर ठेवतो. किल्ली घ्यायला आत गेलो की डिश आठवते.

मीठभाकर
हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आणखी एक: ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर केबल आणि सॅटेलाइट असे दोन वेगळे सॉकेट असतील तर सॅटेलाइटलाच जोडा. केबलच्या सॉकेटची वायर बहुतेक ट्रेलरांत छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरमधून जाते, तिथे डिशचा सिग्नल अडतो. लोक डिशला दोष देत बसतात. शंका आली तर केबल खिडकीतून आत घ्या आणि थेट रिसीव्हरला लावा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. पाऊसपाणी, तुम्ही म्हणालात तेच झालं, आईची मालिका काही त्या तीन उपग्रहांवर नाही. म्हणून आता दोन्ही न्यायचा विचार आहे: क्रिकेट-मालिकांसाठी महिनाभर इंटरनेटची थाळी, आणि झाडीतल्या अकरा रात्रींसाठी तिवईवरची डिश. पण एका प्रवासासाठी नवी डिश घेणं जिवावर येतंय. कुणाची जुनी विकायची आहे का?

तारायंत्र
विकत कशाला घेताय? मी टकोमाला आहे. माझ्याकडे डिश कंपनीची १०००.२ मॉडेलची थाळी, तिवई आणि १०० फूट आरजी ६ पडून आहे. घेऊन जा, ऑगस्टमध्ये परत करा. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

लावताना तीन गोष्टी. एक, तिवईचा खांब अगदी उभा हवा, नाहीतर उंचीच्या पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो. दोन, रिसीव्हरमध्ये त्या गावाचा झिप कोड टाका, तो दिशा, उंची आणि थाळीचा तिरपेपणा असे तिन्ही आकडे देतो. तीन, चुंबकीय होकायंत्र आणि खरी उत्तर यांत फरक असतो, सिअ‍ॅटलकडे तो १५ अंशांचा आहे. मोबाइलमध्ये 'खरी उत्तर' निवडा आणि मोबाइल गाडीच्या पत्र्यापासून लांब धरा.

कृष्णाकाठ (१० ऑगस्ट)
परत आलो. कबूल केल्याप्रमाणे अहवाल.

अ‍ॅपगारमध्ये पहिल्या संध्याकाळी मी पाऊण तास डिशशी झटत होतो, सिग्नल शून्य. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मग उठले, आईच्या डब्यातून दोरा घेतला, माझ्या टूलबॉक्समधला एक नट त्याला बांधला आणि खांबाशेजारी धरला. ओळंबा! खांब तीन बोटं कललेला होता आणि तिवईवरचा पाण्याचा बुडबुडा मात्र मधोमध. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, डोंगरांवरचे मायक्रोवेव्ह टॉवर जुळवण्यात. मला हे माहीत होतं, पण त्यांना विचारावं हे सुचलंच नाही. त्यांनी पाय खाली-वर केले, खांब दोऱ्याशी जुळवला, मला आत पाठवलं, आणि थाळी इतकी हळू फिरवली की हलतेय हे दिसतही नव्हतं. दर बोटभर सरकवल्यावर पाच सेकंद थांबायचे. मी मीटर वाचत होतो. वीस, बावीस, एकदम सत्तावन्न. त्या दिवसापासून डिश त्यांच्याकडे.

फिशिंग ब्रिजला तारायंत्र म्हणाले तस्सं घडलं. पाइनच्या दाटीत इंटरनेट दर दोन-तीन मिनिटांनी तुटायचं. डिशसाठी बाबांनी सकाळीच फिरून एक फट हेरून ठेवली होती, आमच्या जागेपासून नव्वद फुटांवर. शेजारच्या कुटुंबाला विचारून त्यांच्या टेबलामागून केबल नेली. सहाही रात्री चित्र स्वच्छ, एकदा वादळी पावसात दहा मिनिटं गेलं तेवढंच. आईच्या मालिका मी रेंज असलेल्या गावात उतरवून ठेवल्या होत्या, त्या तिने दुपारी पाहिल्या. संध्याकाळी दोघं बेसबॉल बघायला लागली. बाबांना नियम कळायला दोन सामने लागले, तिसऱ्याला ते आईला समजावत होते.

बॅडलँड्सला झाड नाही, तिथे इंटरनेट एकदाही तुटलं नाही. २७ जुलैला भारत-इंग्लंड मँचेस्टर कसोटीचा शेवटचा दिवस. खेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे पहाटे चारला सुरू. आदल्या दिवशी दुसऱ्या डावात आपले शून्यावर दोन गेले होते, त्यामुळे मी अंथरुणातून उठायलाही तयार नव्हतो. बाबा शांततेची वेळ पाळून कानाला हेडफोन लावून अंधारात बसले होते. सातच्या सुमारास जाग आली तर सुळक्यांवर तांबडं ऊन आलेलं, आणि बाबा हाताने खुणावतायत, ये, बस. नाश्त्याची भांडी घासून झाली तरी जडेजा आणि सुंदर खेळतच होते. दोघांचीही शतकं झाली, सामना वाचला. डेटाचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही.

तर पुढे विचारणाऱ्यांसाठी: झाडीत राहणार असाल तर तिवई आणि लांब केबल, रोज मुक्काम हलणार असेल तर घुमट, मराठी आणि क्रिकेटसाठी इंटरनेट.

तारायंत्र
बाबांना माझा नमस्कार सांगा. शनिवारी घरी आहे, सामान घेऊन या. त्यांनाही आणा.

चुलीवरची
पडद्यांना वास लागला का?

कृष्णाकाठ
लागला 😀 तारायंत्र, शनिवारी अकराला येतो, बाबा येणारच म्हणतायत. ओळंबा तिवईलाच बांधून ठेवलाय त्यांनी. तो सोडू नका, पुढच्याला लागेल.

नवी_कोरी
पुढची मी! सप्टेंबरमध्ये रेडवुड्सला जातोय, झाडं तीनशे फुटांची. तारायंत्रदादा, डिश मिळेल का?

तारायंत्र
डिश मिळेल. पण तीनशे फुटी झाडाला साडेतीनशे फुटांहून जास्त केबल लागेल, ती माझ्याकडे नाही. समुद्राकडेला मुक्काम घेता येतो का बघा, तिथे दक्षिण मोकळी सापडू शकेल. तुमचे मुक्काम इथे लिहा, एकेक बघू.